भिंगरीतलं चालू बटण

काटा डावीकडे झुकला होता.

शलाकानं डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. समोरच्या फळीवर लहानमोठ्या कितीतरी तबकड्या होत्या. त्यांतली ही सगळ्यांत लहान, पार कोपऱ्यात, कुणी विचारत नसल्यासारखी बसलेली. मधोमध शून्य, उजवीकडे अधिकची खूण, डावीकडे उण्याची. चाळीसगावच्या माळावरून विमान उडालं तेव्हा काटा शून्याच्या किंचित उजवीकडे होता. शलाकाला ते पक्कं आठवत होतं, कारण तेव्हा तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की ती दिसेल त्या सगळ्यांत लहान गोष्टीकडे टक लावून बसायची. आता भीती पळाली होती, खाली नांदगाव मागे पडलं होतं, आणि काट्यानं मात्र गुपचूप बाजू बदलली होती.

"आजी, हा कोपऱ्यातला काटा कशाचा गं?"

पिंकीआजीनं मान वळवली आणि तिच्या तोंडातलं गाणं मध्येच थांबलं.

आजीचं नाव पिंकी कसं, असं तुम्ही विचाराल. पण शलाकाच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आज्या पिंकी, स्वीटी नाहीतर डॉली होत्या. त्या आज्या लहान असताना अशीच नावं ठेवायची टूम होती, त्याला त्या बिचाऱ्या काय करणार! पिंकीआजीचं खरं नाव प्रतिभा. ते फक्त एका ठिकाणी दिसायचं, उडनरिक्षांच्या बॅटरीवर. शहराशहरांवरून माणसांना घेऊन फिरणाऱ्या, चालकाशिवाय उडणाऱ्या त्या रिक्षा विजेवर चालत, आणि त्यांची बॅटरी आजीच्या प्रयोगशाळेत जन्मली होती. आख्खं आयुष्य विजेच्या मागे घालवलेल्या या बाईचा जीव मात्र जडला होता पेट्रोल पिणाऱ्या, दोन माणसांच्या एका म्हाताऱ्या विमानावर. त्याचं नाव भिंगरी.

आज भिंगरीचं शेवटचं उड्डाण होतं. पेट्रोलची विमानं आता उडवायची नाहीत असं ठरलं होतं, आणि ते ठरवणाऱ्यांमध्ये आजीही होती. "हवा तुमची आहे, आम्ही ती आणखी काळी करायची नाही," असं तिनंच सभेत सांगितलं होतं. घरी येऊन ती दोन दिवस कुणाशी धड बोलली नव्हती. आता निफाडच्या विमानतळाशेजारच्या विमान-संग्रहालयात भिंगरीला नेऊन ठेवायचं होतं, आपल्या पायांनी चालत गेल्यासारखं. मागे सामानाच्या जागेत ठिपका बसला होता. ठिपका म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा जुना यंत्रमानव. त्याचं काम दोनच: आजी जे बटण दाबेल ते बरोबर आहे का हे बघणं, आणि हा प्रवास सगळाच्या सगळा लक्षात ठेवणं.

"कधीपासून डावीकडे आहे हा?" आजीनं विचारलं.

"नांदगावची स्टेशनं-बिशनं दिसायला लागली ना, तेव्हा बघितला मी. त्याच्या आधी कधी झाला, माहीत नाही."

आजीनं हाताचा आडोसा करून फळीवर सावली पाडली. सकाळचं ऊन पाठीमागून थेट फळीवर पडत होतं. सावली पडल्याबरोबर धोक्याचा एक लाल दिवा दिसला. तो मघापासून पेटलेलाच होता, पण उन्हात कुणाला दिसणार?

"वा पिंके," आजी स्वतःशीच पुटपुटली, "म्हातारी झालीस खरी!"

मग ती शलाकाकडे वळली. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता, नातीला गणित समजावताना असतो तसा.

"आपल्या घरावर पाण्याची टाकी आहे ना? मोटर लावली की टाकी भरते, नळ सोडले की रिकामी होते. भिंगरीत विजेची टाकी आहे, ती म्हणजे बॅटरी. आणि मोटर म्हणजे ऑल्टरनेटर (इंजिन फिरतं त्याच्या जोरावर वीज तयार करणारं यंत्र). हा काटा सांगतो की टाकी भरतेय की उपसली जातेय. उजवीकडे म्हणजे भरतेय."

"आणि डावीकडे म्हणजे..." शलाकानं पुन्हा काट्याकडे पाहिलं. "मोटर बंद पडलीय आणि नळ सगळे सुरू आहेत."

"शाब्बास! एकदा बघू या मोटर पुन्हा सुरू होते का." आजीनं एक बटण खाली केलं, क्षणभर थांबून वर केलं. काटा जागचा हलला नाही. शलाका म्हणाली, "अजून एकदा कर ना!"

"नाही. बिघडलेल्या यंत्राला पुन्हापुन्हा डिवचलं की ते जास्त बिघडतं. एकदा विचारलं, ते नाही म्हणालं, विषय संपला." तिनं ते बटण कायमचं खाली केलं. "आता जी वीज टाकीत आहे तेवढीच. ती पुरवून पुरवून वापरायची. ठिपका, नळ मोज बाबा."

ठिपका मागून त्याच्या छापील मराठीत बोलू लागला. "नकाशाचा पडदा. दुसरा रेडिओ. पंखा. आतला दिवा. फ्लॅपची मोटर. पहिला रेडिओ. ट्रान्सपाँडर. आणि..."

"ट्रान्सपाँडर म्हणजे काय?" शलाकानं मध्येच विचारलं.

"मी कोण, मी कुठे, मी किती उंचीवर, हे सतत ओरडून सांगणारं यंत्र," आजी म्हणाली. "निफाडच्या विमानतळावर उडनरिक्षांची ही गर्दी असते. त्यांना चालक नाही. त्या एकमेकींना ओळखतात ते या ओरडण्यावरून. आपण तिथे मुके होऊन गेलो तर त्यांच्या लेखी आपण नाहीच. म्हणून शेवटच्या टप्प्यात ट्रान्सपाँडर आणि रेडिओ जिवंत राहिलेच पाहिजेत. तेवढी वीज उरली तर भिंगरी तिच्या घरी उतरेल."

"आणि नाही उरली तर?"

"तर त्या गर्दीत शिरायचं नाही. अलीकडेच एखादं मोकळं वावर बघून उतरायचं. आपल्याला काही होणार नाही, मी विमान उडवायला शिकवताना शंभर वेळा दाखवलंय ते. पण ढेकळांत भिंगरीची चाकं राहायची नाहीत." आजीनं फळीवरून हात फिरवला. "मोडून संग्रहालयात जायचं तिनं, हे मला नाही आवडणार, शलाका."

'हे मला नाही आवडणार' असं म्हणताना शलाकानं आजीला फारसं ऐकलं नव्हतं. कारलंसुद्धा आवडीनं खाणारी बाई ती.

आजीचा हात बटणांच्या रांगेवरून फिरू लागला. पडदा विझला. पंखा थांबला. दुसऱ्या रेडिओची खरखर गेली. आणि गंमत अशी, की आजी हसायला लागली.

"काय झालं?"

"भारनियमन!" आजी म्हणाली. "आमच्या लहानपणी होतं ते. लोडशेडिंग म्हणायचे सगळे. वीज पुरत नाही म्हणून एकेका गावाची रोज ठरवून तासन् तास बंद. माझे दादा, म्हणजे माझे वडील, बोरखेडीला पिठाची गिरणी चालवायचे. वीज असेल तेव्हा दळण, नसेल तेव्हा गप्पा. घरात एक जुनी ट्रकची बॅटरी होती. तिच्यावर काय चालवायचं ते दादांनी ठरवून दिलेलं: एक दिवा आणि आईचा पंखा. मी चोरून टेपरेकॉर्डर लावला की गिरणीतून ओरडायचे, 'पिंके, कोण खातंय गं बॅटरी?' त्यांना कसं कळायचं कोण जाणे."

"मग तुम्ही करायचात काय अंधारात?"

"सगळी गल्ली ओट्यावर. कुणी गाणी म्हणायचं, कुणी शेंगा भाजायचं. तुला खरं सांगू? तुझ्या जन्मात एकदाही लाईट गेली नाही हे मीच केलेलं काम आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण तो ओटा काही मला पुन्हा बांधता आला नाही." आजीनं नाक ओढलं आणि काट्याकडे बघितलं. "अजून बराच डावीकडे आहे. ठिपका, आणखी कोण खातंय बॅटरी?"

ठिपक्याचे हिरवे डोळे आधी शलाकाकडे वळले. एरवी तो प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायचा.

"मी," तो म्हणाला. "माझी स्वतःची बॅटरी मेलेली आहे. मी भिंगरीच्या विजेवर चालतो. पंख्यापेक्षा जास्त खातो. मला बंद करा."

"नाही!" शलाका एकदम मागे वळली. ठिपका जुना होता. दिवसभर पाहिलेलं तो रात्री घरच्या साठ्यात नेऊन ठेवायचा. त्याआधीच त्याची वीज तुटली, तर तो आख्खा दिवस त्याच्या डोक्यातून पुसला जायचा. "आजी, तो सगळं विसरेल! सकाळी तू भिंगरीला कुंकू लावलंस ते, उडताना तू गायलीस ते, सगळंच. हे परत कधी होणार आहे?"

आजीचे दोन्ही हात विमान सांभाळण्यात गुंतले होते. ठिपक्याची वायर शलाकाच्या गुडघ्यापाशी होती. आजीनं त्या वायरीकडे एकदा पाहिलं, आणि शलाकाला कळलं की हे आपल्यालाच करायचं आहे. तिला रडू येत होतं आणि ती रडलीसुद्धा, थोडीशी.

"शलाका," ठिपका म्हणाला, "मला उशिरा बंद केलंस तर टाकी तेवढी कमी उरेल. हे साधं वजाबाकीचं गणित आहे."

तिनं वायर ओढली. ठिपक्याचे दोन हिरवे डोळे विझले. काटा उजवीकडे सरकला आणि शून्याच्या बराच अलीकडे येऊन थांबला.

"हं," आजी म्हणाली, आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "आता फक्त रेडिओ आणि ट्रान्सपाँडर उरलेत. दोघांचं खाणं चिमणीएवढं. काटा शून्याला जवळजवळ चिकटायला हवा होता. कुठलातरी नळ अजून धो धो वाहतोय. पण कुठला? मी तर सगळं बंद केलं."

ठिपका आजीनं दाबलेली बटणंच तपासायचा, न दाबलेलं त्याच्या हिशेबात नसायचं. आता तर तो झोपलाच होता, आणि शोधायचं काम शलाकावर आलं होतं. तिनं बटणांच्या रांगेकडे पाहिलं. भिंगरीत बटण वर म्हणजे चालू, खाली म्हणजे बंद. कडेचं मुख्य बटण वर होतं, ते असणारच. रेडिओ आणि ट्रान्सपाँडर यांची जागा वेगळी. बाकीची रांग खाली, खाली, खाली, आणि टोकाचं एक बटण वर. आजीचा हात तर सबंध रांगेवरून फिरला होता, शलाकानं स्वतः पाहिलं होतं. मग हे एकच कसं राहिलं? तिच्या डोक्यात काहीतरी चमकून गेलं.

"आजी, तुमच्याकडे गेलेली लाईट परत आली, हे कसं कळायचं?"

"आता हे काय मध्येच? सोपं आहे की. सगळी बटणं बंद करायची आणि एक बटण मुद्दाम चालू ठेवायचं. दादांचा दंडक होता तो. तो दिवा पेटला की समजायचं, आली ला..."

आजी बोलायची थांबली. तिनं रांगेच्या टोकाकडे पाहिलं. ते बटण भिंगरीच्या पंखावरच्या मोठ्या दिव्याचं होतं. उडताना पक्ष्यांना आणि इतर विमानांना दिसावं म्हणून तो लावायचा असतो. दिवसाउजेडी आत बसलेल्याला तो पेटलाय की नाही हे कळत नाही, आणि सगळ्यांत जास्त बॅटरी तोच पितो.

"अगं बाई!" आजीनं ते बटण फाडकन खाली केलं. काटा शून्याला जाऊन टेकला. "साठ वर्षं झाली गं, हाताची खोड जाईना! विमान उडवायला शिकले, शिकवलं, बॅटऱ्या बनवल्या, आणि हात बसलाय दादांच्या गिरणीत, लाईट यायची वाट बघत!" ती खो खो हसत होती आणि तिचे डोळे भरून आले होते, दोन्ही एकाच वेळी. "तू नसतीस तर काय केलं असतं मी?"

मग डोळे पुसून तिनं निफाडच्या नियंत्रण कक्षाला (विमानांना वाट दाखवणाऱ्या खोलीला) रेडिओवरून थोडक्यात सगळं सांगितलं. रेडिओवर बोलायला ऐकण्यापेक्षा कितीतरी जास्त वीज लागते, म्हणून ती तारेच्या भाषेत बोलत होती.

पलीकडून एका माणसाचा शांत आवाज आला. "समजलं, भिंगरी. रिक्षा मी थांबवतो, पण फार वेळ हवेत रोखून धरता यायच्या नाहीत, आत माणसं आहेत. लासलगावचा कांदाबाजार ओलांडलात की ट्रान्सपाँडर लावून आवाज द्या. तुम्ही दिसलात की वाट मोकळी. नाही दिसलात तर आत येऊ नका."

"नाही येणार," आजी म्हणाली. मग तिनं मुख्य बटणावर बोट ठेवलं. "शलाका, आता तोवर सगळंच बंद."

"सगळंच? म्हणजे इंजिन..."

शलाका ज्या रिक्षांतून रोज शाळेत जायची त्यांत वीज म्हणजे सर्वकाही. वीज नाही तर पंखा नाही, पंखा नाही तर रिक्षा नाही. तिनं दोन्ही हातांनी आसन घट्ट धरलं आणि डोळे मिटले. खट् असा आवाज आला.

इंजिन चालूच होतं.

तिनं एक डोळा उघडला. समोर भिंगरीच्या नाकावरचा पंखा गरगर फिरत होता, त्याच लयीत, तसाच घुमत. रेडिओ मुका झाला होता, लाल दिवा विझला होता, पेट्रोलचा काटा तर पार शून्यावर पडला होता. आणि भिंगरी आपली सकाळच्या उन्हात मजेत चालली होती.

"पेट्रोल संपलं?" शलाका किंचाळली.

"तो काटा विजेवरचा आहे म्हणून पडला. पेट्रोल पंखांत आहे, आपल्या डोक्यावर. ते आपल्या वजनानंच खाली येतं. आता तूच सांग, सगळी वीज बंद केली तरी इंजिन का चालतं?"

शलाकानं खूप विचार केला. "पेट्रोल जळतं म्हणून?"

"पण पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते. ठिणगी म्हणजे वीज. ती कुठून आली?"

आजीनं खाली बोट दाखवलं. डोंगराच्या पायथ्याशी, सौर-पत्र्यांनी चकाकणाऱ्या शेतांत, एक लहानसं गाव होतं.

"ती माझी बोरखेडी. तिथे आमच्याकडे एक सायकल होती आणि तिला डायनॅमो होता. डायनॅमो म्हणजे बाटलीच्या आकाराची एक डबी. तिचं चाक सायकलच्या चाकाला घासायचं. आत एक चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं. चुंबक तारेजवळ फिरला की तारेत वीज वाहू लागते. कुठली बॅटरी नको, कुठला खांब नको. आख्ख्या गावात अंधार असला तरी सायकलचा दिवा लागायचा. माझ्या धाकट्या भावाची दहावीची परीक्षा होती, तेव्हा मी सायकल घोड्यावर, म्हणजे स्टँडवर, लावायची आणि रोज संध्याकाळी बसून पायडल मारायची. तो पुढे दिव्याखाली पुस्तक धरायचा. मी थांबले की दिवा विझायचा आणि तो ओरडायचा, 'ताई, मार की!'" आजीनं पुन्हा खाली गावाकडे पाहिलं. "तो बँकेत मॅनेजर झाला. आता नाही तो. पण माझ्या पोटऱ्यांना अजून त्याचा भूगोल पाठ आहे."

शलाका गावाकडे बघत राहिली. ते हळूहळू पंखाखाली सरकलं. आणि मग तिच्या तोंडून एकदम निघालं, "भिंगरीत पण सायकलचा डायनॅमो आहे!"

"आहे! त्याला मॅग्नेटो म्हणतात (फिरत्या चुंबकातून ठिणगीपुरती वीज काढणारी पेटी). इंजिन त्याला फिरवतं, तो ठिणगी देतो, ठिणगी पेट्रोल पेटवते, आणि पेट्रोल इंजिनाला फिरवतं. गोल गोल. त्या संसारात बॅटरीचा संबंधच नाही. आणि एक बिघडला तर असावा म्हणून असे दोन बसवलेत."

"म्हणजे मघाशी आपण एवढे घाबरलो..."

"घाबरण्यासारखं होतं ते वेगळं. काय बंद पडलं हे पाहण्याआधी काय चालू आहे ते बघावं. इंजिन चालू. वेग सांगणारी तबकडी समोरच्या वाऱ्याच्या दाबावर चालते, उंचीची तबकडी भोवतालच्या हवेच्या दाबावर. होकायंत्राला तर पृथ्वी पुरते. आता नकाशा नाही, तेवढी तू हो माझा नकाशा. डाव्या हाताला बोटासारखा उभा सुळका दिसतो का बघ."

"दिसला!"

"ती हडबीची शेंडी. म्हणजे खाली मनमाड. इथून रेल्वेचे रूळ धरायचे."

शलाका खिडकीला नाक लावून बसली. रूळ कधी झाडांत लपत, कधी उन्हात चमकून पुन्हा सापडत. ती "डावीकडे," "आता सरळ" असं सांगत होती, आणि आजी निमूटपणे ऐकत होती. दोन-तीनदा तर शलाकाला विजेचा विसरच पडला. पुढे जमिनीवर लाल-गुलाबी ढिगारेच ढिगारे दिसू लागले आणि मालगाड्यांची रांग लागली.

"कांदे!" शलाका ओरडली. "आजी, लासलगाव!"

आजीनं मुख्य बटणावर बोट ठेवलं. टाकीत किती उरलंय हे आता कुणालाच माहीत नव्हतं. मोठा दिवा किती पिऊन गेला होता कोण जाणे! उजवीकडे एक लांबलचक पडीक वावर होतं आणि आजीनं ते एकदा नीट बघून ठेवलं, हे शलाकाच्या नजरेतून सुटलं नाही.

खट्.

काहीच झालं नाही. मग रेडिओचा दिवा मिणमिणला. ट्रान्सपाँडरची खूण एकदा लुकलुकली, विझली, आणि पुन्हा लुकलुकली. आजीनं आवाज दिला, "निफाड, भिंगरी. लासलगाव ओलांडलं."

खरखर. नुसती खरखर. शलाकानं मागे ठिपक्याकडे पाहिलं. त्याचे विझलेले डोळे तिच्याकडेच वळलेले होते. ती मनात म्हणाली, तू दिलेली वीज अजून आहे ना रे तिच्यात?

"...भिंगरी," आवाज अगदी लांबून आल्यासारखा होता, "दिसलात. वाट मोकळी आहे. या घरी."

आजीनं श्वास सोडला. दूरवर उडनरिक्षांचा थवा दोन्ही बाजूंना सरकून हवेत थबकला होता, पाहुणे आल्यावर घरातल्यांनी वाट करून द्यावी तसा. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची झडप, ती खाली केली की विमान हळू उडूनही तरंगतं) आजीनं वापरलेच नाहीत, कारण त्यांची मोटर उरलीसुरली वीज एका घासात संपवून टाकेल. त्यामुळे भिंगरी जरा जोरातच आली. धावपट्टी भराभर मागे पळाली, चाकं टेकली, उडाली, पुन्हा टेकली, आणि पार शेवटच्या टोकाशी, गवताच्या अलीकडे, ती उभी राहिली. दोन्ही चाकं शाबूत होती.

आजी बराच वेळ उतरलीच नाही. तिचा तळवा फळीवर होता.

इंजिनावरचं झाकण उघडल्यावर दोष लगेच सापडला. ऑल्टरनेटरला फिरवणारा पट्टा तुटून लोंबत होता. "अगदी दादांच्या गिरणीसारखा," आजी म्हणाली. "मोटर फिरतेय, पट्टा तुटलाय, आणि दळण पडलंय तसंच."

संग्रहालयाच्या छपराखाली शलाकानं ठिपक्याची वायर भिंतीत लावली. हिरवे डोळे उघडले.

"सुप्रभात, शलाका," ठिपका म्हणाला. "आज भिंगरीचं शेवटचं उड्डाण. मी तयार आहे. निघायचं?"

शलाका त्याच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली.

"झालं ते, ठिपका. आपण पोचलो."

"माझ्याकडे त्याची नोंद नाही. मला कुणी बंद केलं?"

"मी."

"का?"

आणि मग शलाकानं सांगायला सुरुवात केली. लहान काटा, पाण्याची टाकी, बोरखेडीची गिरणी, हाताची खोड, सायकलवर पायडल मारणारी मुलगी आणि तिचा भाऊ. मॅग्नेटो सांगताना ती दोनदा चुकली आणि तिसऱ्यांदा तिला इतकं स्वच्छ कळलं की ती उठून उभीच राहिली. आजीनं गायलेलं गाणंही तिनं म्हणून दाखवलं. सूर बरा नव्हता, पण ठिपक्यानं तक्रार केली नाही.

"कुंकवाचं राहिलं," शेवटी आजी मागून म्हणाली.

"हो, आणि सकाळी आजीनं भिंगरीला कुंकू लावलं," शलाकानं घाईघाईनं जोडलं. मग तिला आणखी काहीतरी आठवलं. "आजी, उडनरिक्षांची वीज गेली तर त्यांच्याकडे असा डायनॅमो का नाही? खाली येताना वारा लागतोच की. त्यानं एखादं लहान चाक फिरेल, निदान 'मी इथे आहे' एवढं ओरडण्यापुरतं."

आजी दोन पावलं पुढे आली. "मोठ्या विमानांत असं चाक असायचं. पण आम्ही रिक्षांना दोन बॅटऱ्या दिल्या आणि निर्धास्त झालो. सोमवारी माझ्याबरोबर प्रयोगशाळेत येतेस का? मला एक माणूस हवाय, असले प्रश्न विचारणारा."

निघताना शलाकानं संग्रहालयातून मागून घेतलेली एक लहान बॅटरी ठिपक्याला जोडली, म्हणजे ऐकलेलं घरी पोचेपर्यंत टिकेल, आणि आजी शेवटचं एकदा भिंगरीत चढली. तिनं रांगेतलं एकूण एक बटण खाली केलं, मुख्य बटणही केलं, दाराची कडी नीट तपासली आणि मागे न बघता चालू लागली. शलाका मात्र थांबली. तिनं दार किलकिलं करून आत हात घातला आणि मुख्य बटण वर केलं, त्याबरोबर आतल्या छोट्या दिव्याचंही. दिवा लागला नाही. बॅटरी पुरती संपली होती.

"काय गं करतेस?" आजीनं लांबून विचारलं.

"उद्या कुणी भिंगरीला नवी बॅटरी बसवली तर?" शलाका दार लावत म्हणाली. "लाईट आली की कळायला नको?"

आजी तिथेच उभी राहिली, शलाका धावत जवळ येईपर्यंत. मग तिनं तिचा हात घट्ट धरला, आणि तिघंही घरी निघाली.